राज्यशास्त्राचा प्रबंध कोणी लिहावयाचा?



डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत, संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न निघाला असता राज्याच्या त्या वेळच्या उपमुख्यमंत्र्यांनी उलट सवाल केला की, पीएच.डी. करून ही मुले काय दिवा लावणार आहेत? प्रश्न त्या दिवशी सारथी या संस्थेच्या, म्हणजे मराठा-कुणबी समाजातील विद्यार्थ्यांचा होता. परंतु बार्टीच्या आधारावर संशोधन करणाऱ्या आपल्या मुलांनाही तो टोमणा तितकाच लागला. निषेध झाले, पत्रके निघाली, आणि ते योग्यच झाले. ज्या विधिमंडळाने आपल्या माजी सदस्यांना जन्मभर निवृत्तिवेतन मंजूर करून घेतले आहे, त्या विधिमंडळात पाच वर्षांच्या संशोधनवेतनाचा हिशेब विचारला जावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

तथापि त्या सवालाला आज आम्ही येथे अधिक जागा देऊ इच्छीत नाही. कारण तोच सवाल, निराळ्या शब्दांत आणि पुष्कळ मायेने, तुमच्या-आमच्या घरांतही विचारला जात आहे. समजा, कडेगावच्या एखाद्या बौद्ध वस्तीतील मुलगी राज्यशास्त्र घेऊन एम.ए. झाली आणि मला पीएच.डी.चा अर्ज करावयाचा आहे, असे तिने घरी सांगितले. घरातून काय उत्तर येते? बी.एड. कर, निदान शाळेत तरी लागशील. तलाठ्याच्या परीक्षेला बस. धाकट्याची पोलीस भरती आहे, त्याच्याकडे पैसे लागतील. मामा तर विचारतातच की, राज्यशास्त्र म्हणजे भाषणे करण्याचा विषय, त्यात डॉक्टर होऊन कोणाला तपासणार? हे बोलणारी माणसे वाईट नाहीत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उद्याच्या भाकरीची काळजी केली, त्यांना सहा वर्षांनंतरच्या पदवीची गोष्ट दूरची वाटावी, हे साहजिक आहे. परंतु साहजिक म्हणून ते बरोबर ठरत नाही, आणि त्याच्याशीच आमचा वाद आहे.

तुम्ही अलीकडे दीक्षा घेतली आहे. बावीस प्रतिज्ञा घेताना तुम्ही एका जुन्या व्यवस्थेला नकार दिला. परंतु ती व्यवस्था गावात नेमकी कशी चालते, ग्रामपंचायतीत कोण बोलतो आणि कोण नुसता अंगठा उठवतो, पाणी कोणत्या शिवारात जाते आणि कोणत्या वस्तीपाशी थांबते, हे तपासून, आकडे आणि कागद पुढे ठेवून, लिहावयाचे कोणी? याच कामाला राज्यशास्त्र म्हणतात. भाषण हा त्याचा एक लहानसा भाग आहे, आणि तो आपल्याकडे कधी कमी पडलेला नाही.

तुमच्या तालुक्याकडेच पाहा. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथे १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण जन्मले आणि पुढे राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. शेजारच्या कुंडल परिसरात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार उभे राहिले, त्याने न्यायमंडळे चालविली. त्या न्यायमंडळांत महारवाड्याला आणि मांगवाड्याला बसावयास जागा होती काय? असल्यास कोठे, आणि निवाडा कसा झाला? टेंभूच्या उपसा योजनेने दुष्काळी माळाला पाणी आले. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याच्या मजुरीत त्या पाण्याने काय फरक पडला? १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली, राखीव सरपंचपदे आली; त्या खुर्चीवर बसलेल्या आपल्या भगिनीला किती ठराव स्वतःच्या मताने करता आले? आणि २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत पलूस-कडेगाव मतदारसंघात विजयी उमेदवाराच्या खालोखाल मते कोणाला पडली, हे आठवते काय? ती कोणत्याही उमेदवाराला पडली नाहीत. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला पडली, आणि ती वीस हजारांहून अधिक होती. उभ्या महाराष्ट्रात असे क्वचितच घडले. ते बटण कोणी दाबले, कोणत्या वस्तीने, रागाने की सांगण्यावरून? हा प्रबंधाचा विषय आहे, आणि तो तुमच्या उंबरठ्यावर पडलेला आहे.

आता आपल्या चळवळीवरचे मोठे ग्रंथ कोणी लिहिले, तेही पाहा. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावर पेनसिल्व्हानिया विद्यापीठाला प्रबंध सादर करून १९६९ मध्ये पीएच.डी. मिळविली. गेल ऑम्व्हेट यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर कॅलिफोर्नियातील बर्कलेला १९७३ मध्ये पदवी घेतली, त्या पुढे याच सांगली जिल्ह्यात, कासेगावात, आयुष्यभर राहिल्या आणि २०२१ मध्ये तेथेच वारल्या. या दोघींचे ऋण आम्ही मान्य करतो. त्यांच्या कष्टाला तोड नाही. परंतु सातासमुद्रापलीकडची मुलगी मराठी शिकून, आपल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून, आपला इतिहास टिपून घेते, आणि त्याच म्हाताऱ्याच्या नातीला घर सांगते की हे तुझे काम नव्हे, यात काही चुकते आहे असे तुम्हांला वाटत नाही काय? शेजारच्या आटपाडीत, महारवाड्यात, १९२१ साली जन्मलेले शंकरराव खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेव्हा या मातीतून हे होत नाही, असे कोणी सांगू नये.

बाबासाहेबांचे नाव घेऊन आम्ही बोलतो, तर त्यांचा स्वतःचा प्रबंध कसा झाला हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. आपल्याकडे पदव्यांची यादी सर्वांना पाठ असते. त्या मिळविण्याचा खटाटोप फारसा कोणी सांगत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव घातले गेले. तुमचाच तो जुना जिल्हा. १९१३ मध्ये, म्हणजे देवराष्ट्र्याला यशवंतराव जन्मले त्याच वर्षी, ते बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षांची. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये प्रबंध सादर केला. पदवी केव्हा मिळाली? १९२७ मध्ये. मधली अकरा वर्षे कशात गेली? कोलंबियाचा नियम असा की, प्रबंध छापून प्रती दिल्याखेरीज पदवी नाही. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये परतावे लागले, वाटेत सामानाचे जहाज महायुद्धात बुडाले, बडोद्याच्या नोकरीत राहावयास घर मिळाले नाही. १९२० मध्ये लंडनला परत जाण्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. घरी रमाई शेण्या थापून संसार चालवीत होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापून निघाला, प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि मग पदवी हाती आली. विषय अर्थशास्त्राचा होता, परंतु पदवी देणाऱ्या विद्याशाखेचे नाव राज्यशास्त्र विद्याशाखा असेच होते.

त्या ग्रंथात काय आहे, हे एकदा उघडून पाहा. त्यात एकही गर्जना नाही. केंद्र आणि प्रांत यांच्यात महसूल कसा वाटला गेला, कोणत्या वर्षी कोणती रक्कम कोणाकडे गेली, याचे तक्ते आहेत. या तक्त्यांतूनच राज्य कोणाच्या पैशावर आणि कोणासाठी चालते, हे त्यांना दिसले, आणि पुढे राज्यघटनेच्या मसुद्यावर बसताना तेच ज्ञान कामी आले. जयंतीच्या मिरवणुकीत आपण त्यांच्या कोटाला आणि पेनाला हार घालतो. त्या पेनाने लिहिलेल्या तक्त्यांकडे मात्र कोणी फिरकत नाही. मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकांना एका रात्रीत जेवढी वर्गणी जाते, तेवढीच जर तालुक्यातील एका संशोधकाच्या प्रवासाला आणि झेरॉक्सला दिली तर काय होईल, याचा हिशेब जयंती मंडळांनी स्वतःच करावा. आम्ही नाव कोणाचेही घेत नाही. ज्याचे त्याला कळते.

आता सरकारकडे वळू. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. १२५ जागांची ती योजना, त्यांतील ११५ जागा अनुसूचित जातींच्या. २०२२ च्या नियमावलीत तिच्यात एक कलम घातले गेले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास, हे विषय घेणाऱ्याला ही शिष्यवृत्ती नाही. कारण असे सांगितले गेले की, या विषयांची साधने भारतातच विपुल आहेत, त्यांसाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. हे कलम १९१३ साली लावून पाहा. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. प्रबंध लिहिला तो ब्रिटिश हिंदुस्थानच्या अर्थव्यवस्थेवर. या कलमाप्रमाणे त्यांना बोटीचे भाडेसुद्धा मिळाले नसते! साधने भारतात आहेत हे खरे. परंतु ती साधने ज्यांच्या कपाटात आहेत आणि त्यांवर काय लिहिले म्हणजे ते शास्त्र ठरते हे जे ठरवितात, त्यांच्याच जातीची चौकशी करावयाची असेल, तर विद्यार्थ्याने थोडे दूर जाऊन उभे राहणे जरूर असते. बाबासाहेब सातारच्या वर्गाबाहेर बसले होते; जातीवरचा पहिला निबंध त्यांनी न्यूयॉर्कला वाचला, हा काही योगायोग नव्हे. ज्या विषयांत आपल्या मुलांना स्वतःचे काही सांगावयाचे आहे, नेमके तेच विषय या कलमाने वगळले. त्याविरुद्ध लिहिले पाहिजे, बोलले पाहिजे, खासदारांना गाठले पाहिजे. मात्र तोवर हात बांधून बसू नका. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, ७५ जागांची आहे. तिची जाहिरात निघते तेव्हा नियम शब्दन्‌शब्द वाचून अर्ज करा.

परदेश सर्वांना साधणार नाही. कडेगावच्या बहुतेक मुलामुलींची वाट कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडे जाते. १९६२ मध्ये ते स्थापन झाले तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा येथील खेड्यांतल्या मुलांना मुंबई-पुण्याचा उंबरा चढावा लागू नये, हाच त्यामागचा विचार होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींना पाच टक्क्यांची सवलत आहे. मुदत कमीत कमी तीन वर्षे, अधिकात अधिक सहा. विद्यापीठाने स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतली किंवा नेटचे गुण धरले, कोणतीही वाट असो, लेखी परीक्षेला सत्तर आणि मुलाखतीला तीस असे वजन असते. ज्याला नेटमध्ये कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली, त्याची गोष्ट निराळी. त्याला मुलाखतीवरच प्रवेश मिळतो.

हे तीस गुण नीट समजून घ्या. २०१६ च्या नियमांत लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून निवड सर्वस्वी मुलाखतीवर सोपविली होती. म्हणजे दारापर्यंत तुम्ही अभ्यासाने जा, आत घ्यावयाचे की नाही ते आम्ही तुमचे तोंड पाहून ठरवू! त्याविरुद्ध विद्यार्थी झगडले, तेव्हा २०१८ मध्ये सत्तर-तीसची दुरुस्ती झाली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक अब्दुल नाफे यांच्या समितीने २०१६ मध्ये प्रवेशाचे आकडे तपासले, तेव्हा वंचित समाजांच्या विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेच्या मानाने मुलाखतीत सातत्याने कमी गुण पडतात असे तिला आढळले, आणि मुलाखतीचे गुण तीसवरून पंधरावर आणावेत अशी शिफारस तिने केली. पुरोगामी म्हणून गाजलेल्या विद्यापीठाची ही कथा! म्हणून मुलाखतीला जाताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपला संशोधन आराखडा इतका पक्का हवा की प्रश्न विषयाबाहेर गेला तरी तुम्ही त्याला विषयावर परत आणाल. आणि निकाल लागल्यावर लेखीचे व मुलाखतीचे गुण वेगवेगळे मागून घ्या. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मार्गदर्शकाकडे जागा किती, आरक्षणाची बिंदुनामावली कशी लावली, हेही विचारा. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, साहाय्यक प्राध्यापकाला चार, यापेक्षा अधिक विद्यार्थी घेता येत नाहीत. हे आकडे माहीत असलेल्या उमेदवाराशी बोलण्याची तऱ्हा बदलते.

भाषेचाही अडसर आहे, आणि तो लपवून उपयोग नाही. आपली मुले एम.ए. मराठीतून होतात, नेटचा राज्यशास्त्राचा कागद मात्र इंग्रजीत आणि हिंदीत येतो. राज्याच्या सेट परीक्षेत मराठी चालते, आणि राज्यशास्त्राचे कित्येक प्रबंध आपल्या विद्यापीठांत मराठीतच लिहिले गेले आहेत. मराठीत लिहिणे कमीपणाचे नाही. परंतु इंग्रजी वाचता आले नाही तर दुसऱ्याने केलेल्या सारांशावर जगावे लागते, आणि सारांश करणारा काय गाळतो हे कळण्याचा मार्ग उरत नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून रोज दहा पाने इंग्रजी वाचण्याची सवय लावा. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे शासनाने खंडांत छापली आहेत. सुरुवात तेथूनच करा, विषय आणि भाषा दोन्ही एकदम साधतील.

आता नव्या बौद्ध कुटुंबांना सर्वांत अधिक भेडसावणारी गोष्ट. अर्जात धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, अधिछात्रवृत्ती जाईल, अशी कुजबुज अजूनही चालते, आणि काही शहाणे लोक तर मुलांना, अर्जापुरते हिंदूच लिहा, असा सल्ला देतात. हा सल्ला भित्रेपणाचा आहेच, शिवाय तो अज्ञानाचाही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे हिंदूच, अशी अट होती हे खरे. १९५६ मध्ये तीत शीख आले. त्याच वर्षी नागपूरला लाखोंनी दीक्षा घेतली, आणि केंद्राच्या यादीतून ते बाहेर पडले. ही चौतीस वर्षांची शिक्षा आपल्या आजोबांनी भोगली आणि तरीही धम्म सोडला नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीत पुन्हा जागा मिळाली. आज अनुसूचित जातीचा माणूस बौद्ध धम्म स्वीकारल्याने आपला हक्क गमावीत नाही. ज्यांनी ती शिक्षा भोगताना धर्म लपविला नाही, त्यांच्या नातवंडांनी कायदा पाठीशी असताना तो लपवावा काय?

भीती सोडा आणि कागद गोळा करा. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून, वैधता जिल्हा जात पडताळणी समितीकडून. केंद्राच्या अर्जाला केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो, राज्याच्या अर्जाला राज्याच्या. दोन्ही करून ठेवा, आणि ज्या जातीतून धर्मांतर झाले तिची नोंद दाखल्यात नीट आली आहे की नाही ते पाहा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. येथे कडेगावकरांची फसगत होते. त्या काळचा कागद काढला तर त्यावर कडेगाव तालुका आणि सांगली जिल्हा सापडणार नाही. तालुका खानापूर असेल. जिल्हा १९४९ पूर्वी सातारा आणि नंतर दक्षिण सातारा असेल, कारण सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. कारकून म्हणेल, हा दुसऱ्या जिल्ह्याचा कागद. त्याला हा इतिहास शांतपणे सांगा आणि टिपणावर लिहून द्या. आजोबा शाळेत गेले नसतील तर शाळेच्या दाखल्याचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी महार वतनाच्या जमिनीची जुनी नोंद शोधा. १९५८ च्या कायद्याने ती वतने खालसा झाली, परंतु दफ्तर शिल्लक आहे. ज्या वतनाने आपल्याला गावकीला जुंपले, त्याचाच कागद नातीच्या विद्यापीठाच्या अर्जाला जोडला जावा, याहून चांगला त्याचा उपयोग आम्हांला सुचत नाही.

पैशाचे बोलू. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने कनिष्ठ अधिछात्रवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये, घरभाडे वेगळे, अशी आहे. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची अधिछात्रवृत्ती नेटच्या गुणांवर मिळते. राज्यात बार्टी बाबासाहेबांच्या नावाची अधिछात्रवृत्ती देते. म्हणजे मामांचा हिशेब येथे चुकतो. मिळाली तर ही रक्कम पुष्कळ कंत्राटी नोकऱ्यांपेक्षा अधिक आहे. परंतु मिळाली तर! २०२३ मध्ये राज्याने बार्टी, सारथी, महाज्योती यांना प्रत्येकी वर्षाला २०० विद्यार्थी अशी मर्यादा घातली. २४ डिसेंबर २०२३ ला या तिघांची सामायिक परीक्षा घेतली, तर प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेची निघाली. १० जानेवारी २०२४ ला ती पुन्हा घेतली, तेव्हा काही प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांना मोहोर नव्हती म्हणून विद्यार्थी केंद्राबाहेर आले. त्याआधी बार्टीच्या २०२१ च्या तुकडीला हक्काच्या पैशांसाठी आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले होते. आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती थकलेली होती, हे १७ जानेवारी २०१६ च्या त्या रात्री अवघ्या देशाने वाचले. थकलेले वेतन हा संशोधकाचा श्वास कोंडण्याचाच प्रकार आहे, आणि तो किरकोळ कारकुनी दोष म्हणून सोडून देता येणार नाही.

म्हणून आम्ही कुटुंबांना सांगतो: अधिछात्रवृत्ती उशिरा येईल असे धरूनच चाला. पहिल्या वर्षीचा खर्च, म्हणजे शुल्क, खोली, एस.टी., पुस्तके, घराने किंवा वस्तीने मिळून उचलावा, आणि पैसे आले की संशोधकाने तो पुढच्यासाठी परत टाकावा. मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट. सहा वर्षे म्हणजे लग्नाचे वय गेले, असे म्हणून अर्ज फाडला जातो. नियम काय म्हणतो? स्त्री-संशोधकाला इतरांपेक्षा दोन वर्षे अधिक मुदत आहे आणि प्रसूतीसाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. जो वर आणि जे सासर हा नियम ऐकून घेण्यास तयार नाही, त्यांच्याकडे बाबासाहेबांची तसबीर असली काय आणि नसली काय.

आणि शेवटी आपल्याच काही पदवीधरांना दोन कडू शब्द. नावाआधी डॉक्टर लागावे, लग्नपत्रिकेत छापावे, एवढ्यासाठीच जे अर्ज करतात, त्यांनी जागा अडवू नये. कोणाकडून प्रबंध लिहून घेणारे आहेत. जुन्या प्रबंधाची पाने उचलणारे आहेत. आयोगाच्या २०१८ च्या नियमाने साठ टक्क्यांहून अधिक उचलेगिरी सापडली तर नोंदणीच रद्द होते. पण पकडले जाण्याची गोष्ट सोडा. वस्तीने पोटाला चिमटा घेऊन पाठविलेल्या माणसाने दुसऱ्याचे उष्टे आणून द्यावे, ही वस्तीची फसवणूक आहे. मार्गदर्शकाच्या घरची कामे करून पदवी मिळते असे सांगणारेही भेटतील. असा मार्गदर्शक मिळाला तर दुसरा मागा, लेखी मागा. त्यासाठी नियमांत तरतूद आहे, आणि गावकीची कामे आपण एकदा सोडलेली आहेत.

अर्ज करणाऱ्याने प्रथम आपला एक प्रश्न ठरवावा, असा प्रश्न की ज्याचे उत्तर त्याला स्वतःला ठाऊक नाही. ‘डॉ. आंबेडकरांचे राजकीय विचार : एक अभ्यास’ हे शीर्षक आता पुरे झाले. आपल्या तालुक्यातील दहा ग्रामपंचायतींची ठराव-वह्या वाचून काय दिसते, हे शीर्षक घ्या. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध फुकट वाचावयास मिळतात. आपल्या प्रश्नाजवळचे पाच प्रबंध वाचा, त्यांत काय राहून गेले ते टिपा, आणि ते टिपण घेऊन मार्गदर्शकाकडे जा, नुसता नमस्कार घेऊन जाऊ नका. नेट वर्षातून दोनदा, जूनच्या आणि डिसेंबरच्या फेरीत होते. विद्यापीठाची जाहिरात निघाल्यावर अर्जाला थोडेच दिवस मिळतात, आणि जात पडताळणीला महिने लागतात. तेव्हा पेटीच्या तळाशी असलेला आजोबांचा कागद याच आठवड्यात काढा, आणि त्यावर तालुका खानापूर लिहिले आहे म्हणून तो परत पेटीत ठेवू नका.